पन्नास वाव

दिवाळीच्या सुट्टीत नातू पुण्याहून विंचूरला आला, तेव्हा त्याच्या मनगटावर हिरवंगार घड्याळ होतं. मी हातात घेऊन पाहिलं तर वजनच नाही!
"अरे, हे तर प्लॅस्टिकचं!"
"आजी, प्लॅस्टिक नाही, बायोसिरॅमिक."
"केवढ्याला?"
यावर स्वारी घुटमळली. मग त्याच्या बाबानेच सांगितलं, चारशे डॉलर. अमेरिकेहून येणाऱ्या मित्राकडून मागवलंय. झालं! जेवणं होईपर्यंत बापलेकांचा वाद. मुलाचं म्हणणं, घ्यायचं तर खरं घ्यावं, नाहीतर घेऊ नये. गरिबाने श्रीमंताची नक्कल कशाला करायची?

मी तेव्हा गप्प बसले. माझं म्हणणं इथे लिहिते. (घरातले सगळे हे वाचतात हे मला माहीत आहे.)

आधी त्या घड्याळाची कुळकथा. ब्लाँपँ नावाच्या स्विस कंपनीने (उच्चार नातवाने पढवला) १९५३ साली पाणबुड्यांसाठी घड्याळ काढलं, फिफ्टी फॅदम्स. फॅदम म्हणजे आपली वाव! दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंतचं अंतर. आमच्याकडे विहिरी परसात मोजतात आणि वावेने दोर. कोकणात दर्याची खोली वावेत सांगतात. तर पन्नास वाव म्हणजे तीनशे फूट, ९१ मीटर. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जाँ-जाक फिश्तर स्वतः पाण्याखाली उतरत. एकदा खाली वेळेचं भान राहिलं नाही आणि हवा संपत आली, थोडक्यात वाचले. त्या धास्तीतून हे घड्याळ झालं. अंधारात दिसणारे ठळक काटे आणि भोवती फिरणारं कडं. पाण्यात शिरताना कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, की किती वेळ झाला ते नुसत्या नजरेने कळतं. पाणबुड्यांच्या घड्याळाचं कडं एकाच दिशेने फिरतं. धक्का लागून सरकलंच तर झालेला वेळ जास्त दिसतो, कमी कधीच नाही. म्हणजे माणूस चुकला तरी लवकर वर येण्याच्या बाजूने चुकावा. मला ही गोष्ट फार आवडली.

आज ते पोलादी घड्याळ दहा लाखांच्या पुढे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये स्वॉचने ब्लाँपँबरोबर त्याची स्वस्त आवृत्ती काढली. दोन्ही कंपन्या एकाच घरातल्या, तेव्हा चोरीचा मामला नाही. पाच महासागरांची पाच घड्याळं, नातवाचं आपल्या हिंदी महासागराचं. दोन भाग सिरॅमिकची भुकटी आणि एक भाग एरंडेलापासून केलेलं प्लॅस्टिक. एरंडेल! लहानपणी नाक दाबून प्यायलेल्या एरंडेलाचं पुढे घड्याळ होईल असं कोणी सांगितलं असतं तर...

असो. 'नक्कल' या शब्दाशी माझं जुनं देणं आहे.

१९८० च्या सुमाराची गोष्ट. पाचवीच्या वर्गात एक मुलगा जत्रेतलं प्लॅस्टिकचं घड्याळ घालून आला. काटे छापलेले. दिवसभर बाही वर करकरून बसत होता. मी सहज, पण सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं विचारलं, "काय रे, किती वाजले?" त्याने खरोखर मनगटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "दहा वाजून दहा मिनिटं, बाई." तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. वर्ग हसला, मीही हसले. दुसऱ्या दिवशी त्याचं मनगट मोकळं होतं. पुढे तो कांदा मार्केटात हमालीला लागला. रस्त्यात भेटला की आजही "बाई, नमस्कार" म्हणतो, आणि मी आजही त्याच्या मनगटाकडे बघते.

म्हणून मुलाचं म्हणणं मला पटत नाही. नाशकात फुटपाथवर चारपाचशेला रोलेक्स मिळतं, ते खोटं, कारण ते स्वतःला खरं म्हणवतं. नातवाचं घड्याळ आपण प्लॅस्टिकचं आहोत हे लांबूनच सांगतं. कड्याची ती युक्ती डोक्यातून आलेली आहे, पोलादातून नाही. मग ती दहा लाखवाल्यानेच का वापरावी? आमच्या पुतण्याच्या हातात दोन हजारांच्या आसपासचं कॅसिओ आहे, काळ्या प्लॅस्टिकचं, तसंच फिरणारं कडं. तो रात्री द्राक्षबागेची मोटर चालू करतो आणि कडं फिरवून ठेवतो. समुद्र त्याने टीव्हीवर पाहिलाय. पण वेळेचं भान सुटू नये ही गरज तीच.

आता माझी तक्रार. माझ्या वडिलांनी १९७४ साली लग्नात जावयाला एचएमटीचं 'जनता' दिलं होतं. रोज सकाळी चावी द्यायची. लासलगावच्या कारागिराने ते कितीदा उघडलं, पुसलं, तेल दिलं, याचा हिशेब नाही. सरकारने २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली, हे गेले, तो कारागीरही गेला. घड्याळ चालू आहे. नातवाच्या घड्याळातल्या यंत्राचे भाग ५१ आणि मधोमध स्क्रू एकच. रचना फार हुशारीची, पण यंत्र कायमचं बंद केलेलं. बिघडलं तर उघडून दुरुस्त करायची सोयच नाही. प्रगतिपुस्तकावर मी आयुष्यभर 'सुधारणेस वाव आहे' असं लिहीत आले. इथे पन्नास वाव आहेत, आणि दुरुस्तीला एकही नाही! एवढे पैसे घेणाऱ्यांनी निदान उघडता येईल असं तरी करायचं. प्लॅस्टिकचा राग असेल तर तो इथे धरावा, असं मी मुलाला सांगेन.

नातू परत जाताना घड्याळ चार दिवस माझ्याकडे ठेवून गेला. "वापरून बघ, मग लिही," म्हणाला. तर वापरते आहे. कुकरची पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून खूण काट्यासमोर आणते. तूरडाळीला बारा मिनिटं पुरतात.