आधी विद्यापीठ ठरवा

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट-सनीव्हेलच्या मराठी घरांत मुलीला बर्कलीत प्रवेश मिळाला की पेढे वाटले जातात आणि ती कम्युनिटी कॉलेजला गेली की आई विषय बदलते. गेली काही वर्षं या घरांतल्या मुलामुलींना विषय निवडायला मदत करताना मी हे वारंवार पाहते आहे. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण मुलांना त्या टाळाटाळीचा अर्थ बरोबर कळतो. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेलेला एखादा काका आपल्या प्रत्येक घरात असतो आणि त्याच्या पदवीला कुणी कमी लेखत नाही. मग इथे दोन वर्षं कॉलेजात काढून विद्यापीठाच्या थेट तिसऱ्या वर्षात जाणाऱ्या मुलीबद्दल कशाचा संकोच?

हा मार्ग काही पळवाट म्हणून निघालेला नाही. 1960 साली युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे अध्यक्ष क्लार्क कर यांच्या पुढाकाराने कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा जो मास्टर प्लॅन केला, त्यातच तो आखलेला आहे. शाळेतल्या वरच्या आठव्या हिश्श्यातल्या मुलांसाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया म्हणजे यूसी, वरच्या एकतृतीयांशांसाठी स्टेट युनिव्हर्सिटी म्हणजे सीएसयू, आणि कम्युनिटी कॉलेजचं दार सगळ्यांना उघडं. तिथून पुढे विद्यापीठात जाण्याची, म्हणजे ट्रान्सफरची, सोय तेव्हापासूनची. आज राज्यात अशी 116 कॉलेजं आहेत. राज्याच्या रहिवाशाला एका युनिटची फी 46 डॉलर, म्हणजे दोन वर्षांच्या 60 युनिटांचे 2,760 डॉलर. यूसीत नुसती फीच वर्षाला 14 हजार डॉलरच्या वर जाते.

पण हा स्वस्त मार्ग आखणी केली नाही तर महाग पडतो, आणि मानसशास्त्रात तर फारच. हा विषय घेणारी मुलं बहुधा माणसांच्या ओढीने येतात. कुणाच्या मैत्रिणीने नैराश्य भोगलेलं असतं, कुणाच्या घरात आजोबांना विस्मरण झालेलं असतं. त्यामुळे पहिल्याच सत्रात ती अपसामान्य मानसशास्त्राचा वर्ग घेतात. वर्ग सुंदर असतो, पण विद्यापीठात तो विषय बहुतेक ठिकाणी तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा मानला जातो. कॉलेजातली युनिटं जमा होतात, तरी मेजरची, म्हणजे मुख्य विषयाची, त्या पातळीची अट त्यातून सुटत नाही. दुसरीकडे जो वर्ग आधी घ्यायला हवा, तो संख्याशास्त्राचा, भीतीपोटी पुढे ढकलला जातो.

इथेच वर्ष जातं. संख्याशास्त्राशिवाय संशोधनपद्धतीचा वर्ग मिळत नाही आणि संशोधनपद्धती बऱ्याच विद्यापीठांना ट्रान्सफरच्या आधी हवी असते. फॉलमध्ये, म्हणजे सप्टेंबरच्या आसपास, विद्यापीठात जायचं तर अर्ज आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच भरावा लागतो. म्हणजे दोन वर्षांत निघायचं असेल तर अर्ज भरताना मुलीच्या हातात जेमतेम एक वर्षाचे गुण असतात. त्या वर्षात संख्याशास्त्र झालं नसेल तर पुढचं सगळं वेळापत्रक घसरतं. म्हणून प्रत्येक मुलाला मी एकच हट्टाने सांगते : पहिल्या वर्षात मानसशास्त्राची ओळख, इंग्रजी लेखन आणि संख्याशास्त्र. मन मोजायचं कसं, हे शिकल्याशिवाय या शास्त्रात पुढे जाता येत नाही. संख्याशास्त्र हा यातला अडथळा नाही, तो पायाच आहे.

जैव मानसशास्त्र, जीवशास्त्र, गणित यांचं मात्र सरसकट उत्तर नाही. मानसशास्त्राची पदवी नावाने एक असली तरी प्रत्येक विद्यापीठाच्या विभागाच्या अटी वेगळ्या. एकाला जीवशास्त्र हवं, दुसऱ्याला त्याच्या जोडीला गणित किंवा संगणकाचा वर्ग. म्हणून वाट विद्यापीठाकडून कॉलेजकडे, उलटी आखायची. राज्याची 'असिस्ट' नावाची मोफत साइट आहे. तिथे आपलं कॉलेज, हवं ते विद्यापीठ आणि मेजर निवडलं की कुठला वर्ग कुठल्या वर्गाच्या जागी धरला जातो ते दोन स्तंभांत समोर येतं. निदान तीन विद्यापीठांचे हे तक्ते शेजारी ठेवावेत आणि तिन्हीत सामाईक असलेले वर्ग आधी घ्यावेत.

प्रवेशाच्या हमीच्या गोष्टीही नीट समजून घ्याव्या लागतात, कारण त्यांच्यावर पालक डोळे मिटून विसंबतात. 2010 च्या कायद्याने आलेली ट्रान्सफरची असोसिएट पदवी सीएसयूत जागेची हमी देते, पण मनातल्या कॅम्पसची नाही. मानसशास्त्राला गर्दी असते, त्यामुळे हा फरक छोटा नाही. यूसीची हमी वेगळी. तिला टॅग म्हणतात. ती डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहा कॅम्पसपुरती आहे, आणि त्यांतल्या एकाच ठिकाणी, सप्टेंबर महिन्यात मागायची असते. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो ती देत नाहीत. तरीही पहिल्या वर्षी 'यूसीएलएला जायचं' एवढंच ठरवून बसलेली मुलं भेटतात. त्यांनी स्वप्न सोडावं असं मी म्हणत नाही, शेजारी टॅगचा एक अर्ज असावा एवढंच म्हणते.

आपल्या घरांचा आणखी एक प्रश्न आहे आणि त्यावर मोकळेपणाने बोललंच पाहिजे. आईवडील एच-वन बी व्हिसावर, मुलं एच-फोरवर. हा अवलंबिताचा दर्जा एकविसाव्या वाढदिवसाला संपतो. कम्युनिटी कॉलेजातून ट्रान्सफर होतानाचं वय नेमकं वीस-एकवीस. व्हिसा बदलून मूल एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर गेलं की बहुतेकदा रहिवाशाच्या फीची सवलत जाते, आणि केंद्र सरकारची आर्थिक मदत तर एच-फोरवरही मिळत नव्हतीच. म्हणजे पदवीची शेवटची दोन वर्षं अचानक कित्येक पटींनी महाग होऊ शकतात. ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या पालकांनी हा हिशेब मूल अठराव्या वर्षात असतानाच वकिलाबरोबर बसून करावा. मुलाला नुसतं 'चांगले मार्क काढ' म्हणून तो सुटत नाही.

आणि पदवीनंतर काय, हेही आधीच सांगायला हवं. चार वर्षांच्या पदवीने परवानाधारक समुपदेशक होता येत नाही. कॅलिफोर्नियात विवाह व कुटुंब समुपदेशकाच्या परवान्यासाठी मास्टर्स आणि देखरेखीखालचे 3,000 तास लागतात, सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला डॉक्टरेट. हे कळल्यावर काही मुलं विषय बदलतात. ज्यांना त्यानंतरही हेच करायचं असतं, त्यांना मी मास्टर्सचे पैसे आधीच्या दोन वर्षांत वाचवायला सांगते, आणि तिथे कम्युनिटी कॉलेजइतका शहाणा निर्णय मला दुसरा दिसत नाही.

तुमचं मूल या वाटेने निघालं असेल तर पुढच्या सत्राची नोंदणी सुरू व्हायच्या आधी कॉलेजच्या ट्रान्सफर काउन्सेलरची वेळ घ्यायला त्याला सांगा. ही भेट मोफत असते. 'असिस्ट'चे तीन तक्ते छापून बरोबर न्यायला सांगा आणि ट्रान्सफरपर्यंतच्या सगळ्या सत्रांचा लेखी आराखडा हातात घेतल्याशिवाय परत येऊ नकोस म्हणून बजावा.