कोलारचे सोने आणि नागपूरची प्रयोगशाळा

अमरावती रोडवर, वाडीला, ॲल्युमिनियम संशोधन केंद्राच्या आवारात खाणकामगारांच्या आरोग्यावर काम करणारी एक प्रयोगशाळा आहे. रोज तिच्यासमोरून जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ती ठाऊक असेल. राष्ट्रीय खाणकामगार आरोग्य संस्था हे तिचे मूळ नाव. नागपुरात ती का, हा प्रश्न पडत नाही. मनसर-कांद्रीचे मँगनीज, उमरेड-सावनेरचा कोळसा आणि भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय, सारे इथेच आहे. पण केंद्र सरकारने १९९० मध्ये ही संस्था स्थापन केली तेव्हा तिची नोंदणी झाली कर्नाटकात, आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता होता कोलार गोल्ड फील्ड्स, म्हणजे केजीएफ. ती सोन्याची खाण २००१ मध्ये बंद पडली. २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही संस्थाही स्वतंत्र न ठेवता अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन करण्याचा निर्णय घेतला.

आज हे आठवण्याचे कारण सोन्याचा भाव. तोळ्याने लाखाचा टप्पा ओलांडल्यावर जुन्या, सोडून दिलेल्या खाणींकडे पुन्हा नजरा वळल्या आहेत. कोलारला सोने काढून उरलेल्या भुकटीचे १३ ढिगारे सुमारे एक हजार एकरांवर पसरले आहेत. त्यांत अंदाजे ३ कोटी ३० लाख टन माल आहे. त्यातून पुन्हा सोने काढण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये संमती दिली. आपल्याकडेही चंद्रपूर आणि सिंधुदुर्गात सोने असल्याचे प्राथमिक अहवाल आहेत, असे तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरातल्याच खनिज परिषदेत सांगितले होते. त्यामुळे कोलारचा हिशेब आपल्यालाही नीट माहीत हवा. चित्रपटामुळे केजीएफ हे नाव घरोघरी पोचले, पण तिथल्या आजाराबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

सुरुवात खडकापासून करावी लागेल. कोलारचा पट्टा उत्तर-दक्षिण सुमारे ऐंशी किलोमीटर लांब आणि जेमतेम काही किलोमीटर रुंद. त्यातले गडद, हिरवट खडक मूळचे ज्वालामुखीतून आलेले, सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वीचे. आपला दख्खनचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे कोलारपुढे अगदी तान्हा. पृथ्वीच्या पोटात हे खडक दाबले गेले, त्यांना भेगा पडल्या आणि त्या भेगांतून खोलवरचे कढत पाणी वर चढले. त्या पाण्यात सिलिका विरघळलेली होती आणि अत्यल्प सोनेही. वर येताना पाणी थंड झाले, दाब उतरला, आणि भेगांमध्ये सिलिकेची पांढरी गारगोटी जमली. सोने तिच्यातच अडकले. चॅम्पियन रीफ नावाची इथली प्रसिद्ध शीर ती हीच. पुढचा सारा इतिहास या एका गोष्टीवर उभा आहे. सोने हवे तर गारगोटी फोडावी लागते, आणि गारगोटीची बारीक धूळ फुप्फुसाला सर्वांत घातक धुळींपैकी एक आहे.

इथले लोक फार पूर्वीपासून वरवरचे सोने काढत. आपल्याकडचे सोनझारी वैनगंगेच्या खोऱ्यातली वाळू धूत आणि नागपूरच्या सराफ्यातल्या नाल्यांचा गाळही धूत, त्याच जातीची ही हातची विद्या. जॉन वॉरन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८०२ मध्ये गावकऱ्यांची ही कामे पाहून अहवाल लिहिला. तो वाचून सत्तर वर्षांनी लॅव्हेल नावाचा निवृत्त आयरिश सैनिक इथे नशीब काढायला आला. त्याचे पैसे संपले. १८८० मध्ये लंडनच्या जॉन टेलर अँड सन्स कंपनीने सूत्रे हाती घेतली आणि मग खाण खरोखर चालली. १९०२ मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून वीज आली, तीही बंगळूर शहराच्या आधी. कामगार मुख्यतः तमिळ आणि तेलुगू मुलखातले, त्यात दलितांची संख्या मोठी. शाफ्ट खोल जात जात तीन किलोमीटरच्या पलीकडे गेला. तिथे कातळच साठ अंशांहून अधिक तापलेला असे, आणि वरच्या ओझ्याने तो कधी बंदुकीच्या बारासारखा फुटे. या खोलीचा एक वेगळाच उपयोग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने केला. १९६५ मध्ये वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंचा माग जगात पहिल्यांदा लागला त्या दोन ठिकाणांपैकी एक कोलार होते.

सव्वाशे वर्षांच्या आत पाच कोटी टनांच्या वर दगड फुटला आणि सुमारे ८०० टन सोने मिळाले. म्हणजे सरासरीने एका तोळ्यामागे सहा-सात क्विंटल दगड, आणि तोही पिठासारखा दळलेला. सायनाइडच्या पाण्यात सोने विरघळावे म्हणून दळणे बारीकच असावे लागते. आपल्या घरातल्या जुन्या पाटल्यांमध्ये कोलारचे सोने किती, हे सांगता येणार नाही, पण त्या काळात भारतात निघणारे बहुतेक सोने तिथलेच होते.

ही धूळ शरीरात करते काय? डोळ्यांना दिसते ती धूळ नाकातच अडते. घातक असतात ते काही मायक्रॉनचे कण. ते फुप्फुसाच्या टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या पेशी मरतात, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते आणि तीही मरते. प्रत्येक वेळी दाह होतो आणि हळूहळू जखमेच्या वणासारख्या कडक गाठी तयार होतात. हा सिलिकोसिस. यावर औषध नाही. बहुतेकदा दहा-वीस वर्षांनी तो दिसू लागतो आणि धुळीचे काम सोडल्यानंतरही वाढू शकतो. अशा फुप्फुसात क्षयरोग सहज घर करतो. एक्स-रेवर दोन्ही सारखे दिसत असल्याने कितीतरी जण टीबीची औषधे पुन्हा पुन्हा घेत राहतात.

कोलारमध्ये हे उशिरा का होईना, मोजले गेले. १९४० च्या दशकात साडेसात हजारांहून अधिक कामगारांची तपासणी झाली, आणि त्यातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक लोकांत सिलिकोसिस आढळला. भारतातल्या सिलिकोसिसचा अभ्यास इथून सुरू झाला असे म्हणायला हरकत नाही. पाणी सोडत भोक पाडण्याची ओली पद्धत आणि हवा खेळती ठेवण्याची यंत्रणा यांनी धूळ कमी होते, हेही तोवर जगभर माहीत झाले होते.

पुढे खाण सरकारी झाली आणि १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स ही कंपनी आली. पण टनामागचे सोने घटत गेले, खोलीमुळे खर्च चढत गेला, आणि नव्वदच्या दशकाअखेरीस जगात सोन्याचा भावही पडलेला होता. २८ फेब्रुवारी २००१ ला काम थांबले. पंप थांबले, बोगद्यांत पाणी भरले.

माझा आक्षेप आहे तो यानंतरच्या व्यवस्थेवर. १९५५ च्या खाण नियमांनी कामगाराची दर पाच वर्षांनी तपासणी सांगितली, पण ती कामावर असणाऱ्याची. जो आजार काम सुटल्यावर दहा वर्षांनी उमटतो, त्यासाठी ही तपासणी नेमकी चुकीच्या वेळी थांबते. मालक उरला नाही की नोकरीचा पुरावा कोण देणार, हा दुसरा पेच. राजस्थानने २०१९ च्या धोरणात दगडखाणींच्या कामगारांसाठी यावर उपाय काढला. वैद्यकीय मंडळाने सिलिकोसिसचे निदान केले की सरकारी मदत मिळते, मालकाचे नाव सिद्ध करत बसावे लागत नाही. आपल्या राज्याने तेवढे उचलले तरी पुष्कळ होईल.

आता पुन्हा त्या ढिगाऱ्यांकडे. त्यात टनामागे एक ग्रॅमही सोने नाही, तरी आजच्या भावात ते परवडू शकते. ढिगारे उचलले गेले तर एका अर्थी बरेच, कारण उघड्यावर पडलेली ही भुकटी वाऱ्याबरोबर वस्तीत येत असते. पण तो माल आधीच दळलेला आहे. तो खणताना, ट्रकमध्ये भरताना ओला ठेवला नाही, तर जी धूळ खाली बोगद्यात होती ती थेट रस्त्यावर येईल. त्यामुळे करारात ग्रॅम आणि टक्केवारी जितक्या काटेकोरपणे लिहिली जाईल, तितक्याच काटेकोरपणे हवेतल्या सिलिकेची मर्यादाही लिहावी लागेल, आणि ती मोजणारा कंत्राटदाराचा माणूस नसावा.

विदर्भात अजून एवढी घाई नाही. नागपूर, भंडारा, गडचिरोलीत पसरलेल्या साकोली पट्ट्याच्या जुन्या खडकांत भूवैज्ञानिकांना सोन्याच्या खुणा मिळाल्या आहेत, पण खूण म्हणजे खाण नव्हे. चंद्रपूरचेही तेच. मात्र तपासणीसाठी छिद्र पाडून खडकाचे नमुने वर काढले जातात, तेव्हा त्यातले सोने जसे मोजता येते तशी गारगोटीही मोजता येते. हा आकडा सोन्याच्या आकड्याशेजारी जाहीर व्हावा, आणि आसपासच्या गावांतले छातीचे एक्स-रे पहिला सुरुंग लागण्याआधी काढलेले असावेत. ते वाचणारी माणसे आणण्यासाठी लांब जावे लागणार नाही, वाडीपर्यंत गेले तरी पुरे.