किल्ली कुणाच्या कनवटीला?

पूर्वी घरातली कर्ती बाई तिच्या कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यावरून ओळखू यायची. कोठीची किल्ली, कपाटाची किल्ली आणि माहेरून आलेल्या ट्रंकेची किल्ली. ट्रंकेत फार काही असायचं असं नाही. चार साड्या, आईची पत्रं, फार तर एखादं सोन्याचं वळं. पण ती उघडायची तर तिलाच विचारावं लागायचं. आज बँकेच्या खात्याला, आधार कार्डाला, गॅसच्या सिलिंडरला, अगदी पोरांच्या शाळेच्या फीलासुद्धा मिळून एकच किल्ली लागते. ती म्हणजे मोबाइल नंबर. त्यावर आकडे येतात, ते सांगितले की दार उघडतं. तर मग आज एकच विचारते, ही किल्ली तुमच्या कनवटीला आहे का?

"अहो, फोन तर दिवसभर माझ्याच हातात असतो!" असं तुम्ही म्हणाल. पण हातात असणं वेगळं आणि नावावर असणं वेगळं. जरा आठवून बघा. सिमकार्ड कुणाच्या नावावर घेतलं होतं? बहुतेक घरांत ह्यांनी स्वतःच्या नावावर दोन सिम घेतली आणि त्यातलं एक आपल्याला दिलं. आधार काढायला गेलो तेव्हा तिथल्या मुलाने नंबर विचारला, आपण ह्यांचा सांगितला, कारण त्या वेळी घरात धड फोन एकच होता. बँकेच्या फॉर्मवरही तोच पडला. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. ती सोय होती. पण अशा सोयी दहा वर्षांनी दारात उभ्या राहतात.

२०२५ मध्ये आपल्या राज्यात हेच दिसलं. 'माझी लाडकी बहीण' योजना २०२४ मध्ये सुरू झाली, महिन्याला १५०० रुपये बाईच्या स्वतःच्या खात्यात. पुढच्या वर्षी ई-केवायसी करायला सांगितलं, तेव्हा ओटीपी येणार तो आधारला जोडलेल्या नंबरावर. ज्यांच्या आधारला नवऱ्याचा, दिराचा किंवा कधीच बंद पडलेला नंबर जोडलेला होता, त्यांचे पैसे त्यांच्याच नावाचे, पण आकडे भलतीकडे. एवढ्यासाठी किती जणींनी खेटे घातले असतील!

याहून अवघड प्रसंग एका भगिनीने पत्रातून कळवला आहे. तिचे यजमान अचानक गेले. सगळं त्यांच्याच नंबरावर होतं. त्या दिवसांत रिचार्ज करायचं कुणाला सुचणार? नंबर बंद पडला. सहा-आठ महिन्यांनी तिने सहज त्या नंबरावर फोन लावला, तर पलीकडून कुणी अनोळखी मुलगा बोलला. त्या बिचाऱ्याने विकत घेतलेलं सिम, त्याची काय चूक? पण तिच्या बँकेचे निरोप मात्र त्याच्याकडे जात होते. बंद झालेला नंबर निदान ९० दिवस दुसऱ्याला देत नाहीत, असं दूरसंचार नियामकाने, म्हणजे 'ट्राय'ने, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं आहे. म्हणजेच त्यानंतर तो देता येतो. आणि जुन्या नंबराशी जोडलेली आपली खासगी माहिती सांभाळणं हे ज्याचं त्याने बघायचं, असं न्यायालयानेही म्हटलं. तेव्हा हे काम दुसरं कुणी येऊन करेल, अशी वाट बघण्यात अर्थ नाही.

एखादी दुपार काढून बसा. आधी सिम. ते दुसऱ्याच्या नावावर असेल तर दोघांनी आपापली ओळखपत्रं घेऊन कंपनीच्या दुकानात जावं आणि ते तुमच्या नावावर करून घ्यावं. सरकारचं 'संचार साथी' म्हणून संकेतस्थळ आहे, त्यावर आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसतं. न घेतलेला नंबर आढळला तर तिथेच कळवता येतं. सिम झालं की आधार. आधार केंद्रावर स्वतः जायचं, बोटांचा ठसा द्यायचा, थोडी फी भरायची. मोबाइल नंबर बदलायला कागदपत्रं लागत नाहीत, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसतं. मग बँक, आणि शेवटी गॅस. हा क्रम उलटा केलात तर हेलपाटे वाढतील, म्हणून सांगते.

आता एक गोष्ट. हे करायला निघालात की घरात कुणीतरी म्हणेलच, "नवऱ्यापासून काय लपवायचंय?" याला उत्तर शांतपणे द्यावं. लपवायचं काहीच नाही. सासूबाईंच्या ट्रंकेला कुलूप होतं, म्हणून त्या काय सासऱ्यांपासून लपवत होत्या? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या १४ व्या कलमाने बाईला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालकी दिली. पासबुकावर नाव तिचं आणि ओटीपी दुसऱ्याच्या खिशात, ही मालकी कसली? मी तर म्हणेन, दोघांनी मिळून एका वहीत लिहून ठेवावं, कोणत्या खात्याला कुणाचा नंबर जोडला आहे ते. पिन आणि पासवर्ड लिहायचे नाहीत, फक्त नंबर. वर सांगितलेल्या भगिनीच्या घरी अशी वही असती तर तिचा निम्मा त्रास वाचला असता.

मात्र सगळ्याच घरांत प्रश्न सोयीचा नसतो, हेही मला ठाऊक आहे. काही ठिकाणी बायकोचा फोन रोज तपासला जातो आणि त्याला काळजी हे नाव दिलं जातं. अशा बहिणींसाठी एवढंच सांगते. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' म्हणून एक जागा आहे, ती उघडून पाहा. आपला फोन कुणाच्या हातात अर्धा मिनिट उघडा पडला, तरी त्याला आपलं व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या यंत्रावर जोडून घेता येतं आणि मग आपले निरोप तिथेही दिसत राहतात. ओळखीचं नसलेलं यंत्र दिसलं तर ते तिथूनच काढून टाकता येतं. शिवाय 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'चा सहा आकडी पिन घालून ठेवा. तो लग्नाची तारीख नको आणि मुलाचा वाढदिवसही नको. घरातल्या सगळ्यांना त्याच तारखा पाठ असतात.

फोन नावावर झाला, आता नंबर वाटण्याचं बघू. कापडाच्या दुकानात गेलं, चपलांच्या दुकानात गेलं, औषधाच्या दुकानात गेलं, की बिल करणारी मुलगी मान वर न करता विचारते, "मॅडम, मोबाइल नंबर?" आणि आपण पाढे म्हटल्यासारखा म्हणून टाकतो. रांगेत मागे उभ्या असलेल्या चार माणसांनीही तो ऐकलेला असतो. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने स्पष्ट सांगितलं आहे की, दुकानदाराने गिऱ्हाइकाकडे मोबाइल नंबरासाठी आग्रह धरू नये. नंबर दिला नाही म्हणून बिल अडवणं बरोबर नाही. कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपये कमी करून घेणाऱ्या आपण, इथे मात्र संकोचतो! "नंबर नको, कागदाचं बिल द्या," एवढंच म्हणायचं. हसत म्हटलं तर भांडणही होत नाही. मिक्सर किंवा फ्रिज घेताना, जिथे गॅरंटीसाठी नोंद लागते, तिथे द्यावा. ते काम वेगळं.

झेरॉक्सचंही तसंच. भाडेकरू ठेवताना, लॉजवर उतरताना, क्लासला नाव घालताना आधारची प्रत मागतात आणि आपण पर्समधून काढून देतो. २०२२ च्या मे महिन्यात आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने एक पत्रक काढलं होतं, की आधारची प्रत कुणालाही देऊ नका, 'मास्क्ड' आधार द्या. त्यावर एवढा गोंधळ उडाला, की दोनच दिवसांत सरकारने ते पत्रक मागे घेतलं आणि नेहमीची सावधगिरी बाळगा म्हणून सांगितलं. पत्रक गेलं तरी मास्क्ड आधार आहेच. त्यावर पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात. आधारच्या संकेतस्थळावरून तो उतरवून घेता येतो. अर्थात त्यालाही ओटीपी लागतोच, म्हणून तर आधी नंबराचं काम सांगितलं. पूर्ण प्रत देणं भागच असेल तर तिच्यावर पेनाने आडवं लिहावं, कशासाठी दिली आणि कोणत्या तारखेला. छायाचित्राच्या कडेवरून ओळ गेली तर आणखी बरं. अशी प्रत दुसरीकडे खपवणं कठीण जातं. आणि शाळेत प्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या सप्टेंबरातल्या निकालात सांगितलेलं आहे, तेही लक्षात असू द्या.

अंगठा लावून बँकेतून पैसे काढायची सोय आता गावोगाव आहे. म्हाताऱ्या माणसांना ती फार उपयोगी. पण ठसा चोरून पैसे काढल्याचेही प्रकार झाले आहेत. आधारच्या संकेतस्थळावर आपल्या ठशांना कुलूप घालता येतं. घातलंत, तर रेशनच्या दुकानात अंगठा लावायच्या आधी ते उघडायला मात्र विसरू नका. नाहीतर रांगेत उभं राहून नंबर आल्यावर यंत्र नाही म्हणेल आणि तुम्ही माझ्या नावाने बोटं मोडाल.

आता जे मला सगळ्यांत जास्त खुपतं ते सांगते. आपल्या मुलींचे बायोडेटा. मुलगी लग्नाची झाली की एक कागद तयार होतो. त्यात जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, उंची, नोकरी कुठे, पगार किती, घरचा पत्ता खोलीक्रमांकासह, वडिलांचा मोबाइल, मामांचं नाव आणि आडनाव, वर दोन फोटो. पूर्वी हा कागद मावशीच्या हातून एका घरी जायचा आणि पसंत नसेल तर परत यायचा. आता तो वधूवरांच्या ग्रुपवर पडतो. तिथून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या. मुलीचं लग्न होऊन तिला मूल झालं तरी तो कागद फिरतच असतो. आता त्यातल्या एका ओळीकडे बघा. मामांचं आडनाव म्हणजेच आईचं माहेरचं आडनाव. कितीतरी ठिकाणी ओळख पटवायला हाच प्रश्न विचारतात. उत्तर आपणच छापून वाटलेलं असतं, जन्मतारखेसकट!

माझं म्हणणं, बायोडेटा दोन करावेत. पहिल्यात नाव, वय, शिक्षण, कामाचं स्वरूप, गाव आणि अपेक्षा. पत्ता नको, पगार नको, जन्मवेळ नको, फोटो फार तर एक. संपर्काला असा नंबर द्यावा, जो बँकेला जोडलेला नाही. पत्रिका बघायची असेल तर तसं मोकळेपणी विचारणाऱ्यांशी एकदा फोनवर बोलून, मगच दुसरा कागद त्या एका घरी पाठवावा. "लोक म्हणतील, यांचं काहीतरी लपवायचंय," अशी धास्ती आयांना वाटते. म्हणोत. आणि आणखी एक, मुलीला विचारल्याशिवाय तिचा फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. ती सव्वीस वर्षांची आहे. चेहरा तिचा आहे.

या सगळ्याला कायद्याचा आधार आहे का, असं कुणी विचारलं तर सांगा, आहे. कर्नाटकचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी वयाची ऐंशी ओलांडल्यावर, २०१२ मध्ये, आधारच्या विरोधात सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. त्याच प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पुढे २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. माहिती कशासाठी घेतली ते विचारणं, दिलेली संमती मागे घेणं, माहिती पुसून टाकायला सांगणं, हे त्यात आहे. कायद्याचा कस लागेल तेव्हा लागेल. तोवर दुकानात "कशाला हवाय?" विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि इतकं करूनही फसवणूक झालीच, तर? पैसे मिळवायला पिन कधीच घालावा लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो, हे फोनवरून पैसे देणाऱ्या प्रत्येकीने घोकून ठेवावं. पोलिसांच्या वेषात कुणी फोनच्या पडद्यावर दिसलं आणि 'डिजिटल अरेस्ट' म्हणालं तर सरळ फोन बंद करावा. अशी अटक आपल्या कायद्यातच नाही. पैसे गेलेच तर आधी १९३० या नंबरावर कळवा आणि मग बँकेला. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम वाटेतच अडवली जाण्याची आशा जास्त. ह्यांना ऑफिसातून येऊ दे, मग बघू, असं करू नका. रागावतील म्हणून गप्प तर मुळीच बसू नका. तो चार आकडी नंबर आजच फ्रिजच्या दारावर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा.