होंडा माहितीये, कावाशिमा माहितीये का?

जपानी फुटबॉल म्हटलं की लोक होंडा, कागावाचं नाव घेतात. गोलकीपर एजी कावाशिमा आठवलाच तर 2018 च्या वर्ल्ड कपमधल्या चुकीसाठी! सेनेगलविरुद्ध त्याने बॉल मुठीने ढकलला, समोर सादिओ माने होता, त्याला लागून गोल. चार दिवसांनी पोलंडचा हेडर त्याने गोललाइनवर अडवला, ते कोण सांगतं?

पण हाच माणूस 2010 ते 2022, सलग चार वर्ल्ड कपच्या संघात होता. 2016 मध्ये, वयाच्या 33 व्या वर्षी, फ्रान्सच्या मेत्स क्लबमध्ये तिसरा कीपर म्हणून गेला. सीझनच्या शेवटच्या मॅचेस तोच खेळला!

माझ्या मते टाळ्यांपेक्षा हे परत परत बोलावणं भारी. तुम्ही मला फॉलोअर्स कसे वाढवायचे विचारता. बरं, गेल्या दिवाळीचं गिऱ्हाईक यंदा परत आलं का?