सीईटीला महिना उरला असेल तर

मार्च लागला की संध्याकाळी माझ्या दाराची कडी वाजू लागते. बारावीचे पेपर संपत आलेले असतात आणि दारात एखादी मुलगी अब्बूंना घेऊन उभी असते. प्रश्न ठरलेला: "सर, एप्रिलमध्ये सीईटी आहे. आता काही होईल का?" मी उर्दू-मराठीचा मास्तर. भौतिकशास्त्रातलं मला ओ की ठो कळत नाही. पण ही मुलं दहावीपर्यंत माझ्या वर्गात बसलेली असतात आणि घरात विचारायला दुसरं कोणी नसतं.

माझं उत्तर असतं, होईल. महिन्याभरात विषय नव्याने शिकून होत नाही, हे खरं. पण जे येतं, त्याचे पूर्ण गुण पदरात पाडून घेणं नक्की होतं. आपली बरीच मुलं मार खातात ती इथेच.

बी.फार्म.ची इच्छा असलेल्या एका विद्यार्थिनीने घरी सराव पेपर सोडवला. 200 पैकी 84. मी उत्तरं पाहिली, तर 46 प्रश्न कोरे. का सोडले, विचारलं. म्हणाली, "सर, गलत हुआ तो नंबर कटेंगे ना?" तिच्या कॉलेजात सगळी चर्चा नीटची. नीटमध्ये चुकीच्या उत्तराला एक गुण कापतात. एमएचटी-सीईटीत कापत नाहीत. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडला तरी सरासरी चारात एक बरोबर येतो. म्हणजे पोरीने अकरा-बारा गुण नुसते भीतीपोटी घालवले होते. ती हुशारीत कमी नव्हती. तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून पहिल्या दिवशी पुस्तक बाजूला ठेवून परीक्षेचा नकाशा समजून घ्या. भौतिक आणि रसायन मिळून 100 प्रश्न, 90 मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. त्यानंतर जीवशास्त्राचे 100 प्रश्न 90 मिनिटांत, किंवा गणिताचे 50 प्रश्न 90 मिनिटांत. गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण, बाकी सगळ्यांना एक. साधारण 80 टक्के प्रश्न बारावीवर आणि 20 टक्के अकरावीवर. बारावी नुकतीच बोर्डासाठी घोटलेली असते, ते भांडवल ताजं आहे. अकरावीचं अख्खं पुस्तक उघडून रडत बसू नका. सीईटीला त्यातले ठरावीकच धडे असतात. त्यांची यादी काढा आणि तेवढेच वाचा.

मग दिवसाआड एक पूर्ण पेपर, घड्याळ लावून. पेपर झाला की चुका तीन रकान्यांत लिहायच्या: येतच नव्हतं, येत होतं पण घाई झाली, वेळच उरला नाही. पहिल्या रकान्यामागे महिना वाया घालवू नका. दुसरा आणि तिसरा रकाना महिन्यात आटोक्यात येतो. परीक्षा संगणकावर असते, म्हणून दोन-तीन पेपर तरी सायबर कॅफेत बसून द्या. माउस हातात धरायची पहिली वेळ परीक्षा केंद्रावर येऊ नये.

गेली काही वर्षं रमजान नेमका याच दिवसांच्या आसपास येतो. माझा अनुभव सांगतो. फज्रनंतरचे दोन तास सोन्याचे; घर झोपलेलं असतं, डोकं ताजं असतं. पाठांतर तेव्हा. आणि अम्मींना एक विनंती, या महिन्यात इफ्तारची भजी मुलीऐवजी मुलाला तळू द्या.

आता एक कबुली. सीईटीत भौतिक, रसायन, जीवशास्त्राचा पेपर इंग्रजी, मराठी किंवा उर्दूतून देता येतो. गणित फक्त इंग्रजीत. काही वर्षांपूर्वी एका मुलीला मी मोठ्या अभिमानाने म्हणालो, "उर्दू निवड, आपली जबान आहे." पण अकरावी-बारावी ती इंग्रजीतून शिकली होती. अ‍ॅक्सिलरेशन तिला येत होतं. पेपरात 'इस्राअ' वाचून ती अडखळली. 54 सेकंदांत अडखळणं परवडत नाही. तिचा हवा तो प्रवेश हुकला. तिने मला कधी बोल लावला नाही, पण माझ्या मनातून ते जात नाही. उर्दू माझी रोजीरोटी आहे, तरी सांगतो: ज्या भाषेत विषय शिकलात, त्याच भाषेत पेपर द्या. भाषेवरचं प्रेम सिद्ध करायला आयुष्य पडलंय. आणि शासनाला उर्दू पेपर द्यायचाच असेल, तर अकरावी-बारावीचं विज्ञान उर्दूतून शिकायची सोयही गावोगावी हवी. नाहीतर तो पर्याय नुसता कागदावरचा मान आहे.

शेवटचं आपल्या समाजाला. दर जूनमध्ये आपण गुणवंतांचे सत्कार करतो. शाल, ट्रॉफी, तीन भाषणं, बिर्याणी. ज्यांना जमलं त्यांचं कौतुक जरूर करा. पण त्या खर्चाच्या चौथाईत जानेवारीत एक संध्याकाळ घेता येईल. शाळेच्या हॉलमध्ये मुलांना बोलवा, वर लिहिलेली एवढीशी माहिती फळ्यावर मांडा, सराव पेपरच्या झेरॉक्स वाटा. श्रीमंत घरातलं मूल हीच माहिती क्लासची भरमसाट फी भरून घेतं.

त्या 84 वाल्या मुलीचा शेवटचा सराव पेपर 113 वर गेला. या महिन्यात ती काही वेगळी हुशार झाली नव्हती. आज ती बी.फार्म.ला आहे. परवा आली होती, धाकट्या भावासाठी पेपर मागायला. त्याची सीईटी पुढच्या वर्षी आहे. मी म्हटलं, या वेळी आपल्याकडे महिना नाही, वर्ष आहे.