40 मार्कांचा इतिहास

दहावीचं इतिहासाचं पुस्तक आठवतंय? नसेलच आठवत. इतिहास-राज्यशास्त्र मिळून 40 मार्क, 'कारणे लिहा' पाठ करून गेलो की काम भागायचं. पण आपण ज्यातून शिकलो ते पुस्तक पुन्हा चाळून बघा. सनावळ्या त्यात फारशा नाहीतच. इतिहास लिहितात कसा, पुरावा पारखतात कसा, इथूनच ते सुरू होतं. आपल्याला मात्र तेही पाठ करायला लावलं!

त्याच पुस्तकात वि. का. राजवाडे आहेत. गावोगाव पायपीट करून त्यांनी जुनी दप्तरं जमवली, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे 22 खंड काढले. अस्सल कागद हातात आल्याशिवाय बोलायचं नाही, हा त्यांचा खाक्या. 31 डिसेंबर 1926 ला ते गेले ते धुळ्यातच, आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. धुळेकरांनो, खरं सांगा, शाळेत असताना तुमच्यापैकी किती जणांना तिथे नेलं होतं?

फैजपूरचंही तेच. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन 1936 चं, अध्यक्ष नेहरू. जळगावहून सकाळच्या एसटीनं जाऊन दुपारी परत येता येतं. पण शाळेची सहल कुठे जाते? वॉटर पार्कला.

'इतिहास शिकून नोकरी लागते का?' हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. गंमत बघा, तोच प्रश्न विचारणाऱ्यांची पोरं पुढे अभ्यासिकेत बसून एमपीएससीसाठी तोच इतिहास नव्यानं घोकतात. पण नोकरीचं सोडा. आज आपल्यातल्या बहुतेकांचा इतिहास व्हॉट्सॲपवरून येतो. फोटो एकाचा, वाक्य दुसऱ्याचं, खाली 'खरा इतिहास लपवला गेला'. शेअर करायला दोन सेकंद लागतात आणि त्यावरून कट्ट्यावर मैत्री तुटते. अशा वेळी 'हे कुणी लिहिलं, कधी लिहिलं, मूळ कागद कुठे आहे' एवढं विचारायची सवय लागायला हवी. ती लावणारा शाळेतला हक्काचा तास इतिहासाचाच, आणि तोच आपण गाईडच्या हवाली केलाय.

9 सप्टेंबर 1942 ला नंदुरबारला गोळीबारात शिरीषकुमार मेहता गेला. वय 15. सोबत आणखी चार जण. आठवी-नववीच्या पोरांना ही गोष्ट रिकाम्या जागा भरण्यापुरती सांगायची, की त्या चौकात उभं करून विचारायचं, 'तुमच्या वयाचा मुलगा झेंडा घेऊन इथे का आला असेल?'

तुमच्यात बी.एड. करणारे बरेच असतील. सराव पाठासाठी वर्गावर गेलात की एक करा. प्रत्येकाला घरातला एक जुना कागद आणायला सांगा. सातबारा, लग्नपत्रिका, आजोबांचं रेशनकार्ड, काहीही चालेल. घरात मोडीतलं काही सापडलं, तर मग मजाच! तो कागद कुणी, कशासाठी लिहिला असेल, हे पोरांनाच शोधू द्या. पुस्तक त्या दिवशी दप्तरातच राहू द्या.