कॉर्बेटची फुटकी बंदूक : जिद्दीची गोष्ट की सवलतीची?

१/ जिम कॉर्बेटच्या पहिल्या बंदुकीची गोष्ट समाजमाध्यमांवर वारंवार फिरते. फुटकी नळी, तारेने आवळलेला दस्ता, वडील नसलेला मुलगा आणि त्याची जिद्द. तात्पर्यही ठरलेले : साधने गौण, चिकाटी थोर. गोष्ट खरी आहे. तात्पर्य मात्र अर्धे आहे, आणि उरलेला अर्धा भाग म्हणजेच इतिहास.

२/ प्रथम वस्तुस्थिती. कॉर्बेटचा जन्म १८७५ मध्ये नैनितालला झाला. वडील तेथे पोस्टमास्तर होते. ते १८८१ मध्ये वारले. कुटुंब मोठे, उत्पन्न बेताचे. हिवाळ्यात हे कुटुंब पायथ्याच्या कालाढूंगीला उतरे. तेथील जंगलात या मुलाचे खरे शिक्षण झाले. गलोल, मग धनुष्यबाण आणि त्यानंतर बंदूक, असा तो क्रम होता.

३/ ही बंदूक म्हणजे आपल्या कोकणात जिला ‘ठासणीची’ म्हणतात ती, दुनळी. ‘जंगल लोअर’ (१९५३) या पुस्तकात कॉर्बेटने तिचे वर्णन केले आहे. कोणीतरी पूर्वी दारू जास्त भरल्याने उजवी नळी फाटली होती, दस्ताही मोडला होता. नळ्या आणि दस्ता पितळी तारेच्या वेढ्यांनी एकत्र बांधलेले होते. नात्यातल्या एका भावाने ती त्याला दिली.

४/ अशा हत्याराचा दोष दुरुस्त होत नसतो. तो ओळखून वागावे लागते. उजवी नळी कधीच भरायची नाही. डावीत दारू बेतानेच घालायची. वर बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, गजाने नीट ठासणी आणि शेवटी केप. दारू ओलसर झाली तर बार फुसका जातो. पुन्हा भरायला वेळ लागतो, तोवर सावज निघून गेलेले असते.

५/ म्हणून एकच बार, तोही जवळून. ज्याच्याकडे दुसरा बार नाही त्याला वारा, पाऊलखुणा, पक्ष्यांचे इशारे वाचावेच लागतात. चिकाटीच्या गोष्टीत एवढे सत्य जरूर आहे.

६/ पुढे कॅडेट म्हणून त्याच्या हाती .४५० मार्टिनी रायफल आली. ब्रिटिश लष्कराने मार्टिनी-हेन्री १८७१ मध्ये स्वीकारली. वजन पावणेचार किलोच्या वर, लांबी सुमारे सव्वा मीटर, गोळी ३१ ग्रॅमची. प्रौढ सैनिकाच्याही खांद्याला तिचा धक्का जाणवे. नळीत दारूची काजळी साचली की तो आणखी वाढे.

७/ तिचे दुखणे लष्करालाही ठाऊक होते. पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली काडतुसे तापलेल्या, काजळलेल्या रायफलीत अडकून बसत. १८८४-८५ च्या सुदान मोहिमेत हे प्रकर्षाने दिसले. मग काडतूस अखंड पितळेचे झाले आणि ते बाहेर ओढणारा दांडा लांब करण्यात आला. सारांश, रायफल बिघडली तर तिच्यामागे साम्राज्याचे कारखाने उभे होते.

८/ आता वगळलेला अर्धा भाग. १८७८ मध्ये, लिटनच्या कारकिर्दीत, शस्त्र कायदा आला. परवान्याविना शस्त्र बाळगणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे. मात्र त्याखालील नियमांनी युरोपीय आणि अँग्लो-इंडियन लोकांना परवान्यातून सूट दिली. भारतीयांपैकी ती संस्थानिक, पदवीधारक अशा मोजक्यांनाच लाभली.

९/ म्हणजे कॉर्बेटच्या हातातली बंदूक कितीही मोडकी असो, ती हातात असणे हा गुन्हा नव्हता. त्याच कालाढूंगीतल्या, त्याच वयाच्या शेतकऱ्याच्या पोराला तीच तारेने बांधलेली बंदूक भाऊबंदाने सहज देऊन टाकली असती, तर दोघेही कायद्याच्या कचाट्यात सापडले असते. नळीची फट तार आवळून झाकता येते. ही फट कोणत्या तारेने बांधणार?

१०/ ‘पण भारतीयांनाही परवाने मिळत’ हा आक्षेप येईल. मिळत असत, पीकरक्षणासाठीही मिळत. प्रश्न मिळण्याचा नाही, मागावे लागण्याचा आहे. एकाला जन्माने सूट, दुसऱ्याला अधिकाऱ्याच्या मर्जीने परवानगी. म्हणूनच १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने हा कायदा चर्चेला घेतला. स्वाभिमानाला लागलेली ती ठेच होती.

११/ १८७८ हेच वर्ष वन कायद्याचेही. राखीव वनांतली शिकार सरकारी नियमांखाली आली. पिढ्यान्‌पिढ्या तेथे वावरणारा गावकरी एका कलमाने ‘चोरटा शिकारी’ ठरू शकला आणि परवाना खिशात असलेला पाहुणा ‘शिकारी साहेब’. जंगल तेच, बारही तोच. फरक फक्त कागदाचा.

१२/ आणि कॉर्बेटचा गुरू कोण होता? कालाढूंगीचा कुंवरसिंग. जातीने ठाकूर, आपल्या गावचा मुखिया आणि त्या भागातला निष्णात चोरटा शिकारी. नव्या बंदुकीच्या मालकाला जंगलात कसे वागावे याचे पहिले धडे त्याने दिले. ‘माय इंडिया’ (१९५२) मध्ये कॉर्बेटने त्याच्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. ऋण त्याने लपवले नाही; ते गोष्ट पुन्हा सांगणाऱ्यांनी गाळले.

१३/ त्यामुळे हा वाद कॉर्बेटशी नाही. नरभक्षकांपासून त्याने वाचवलेले जीव खरे आहेत, त्याचे उत्तरायुष्यातले वन्यजीवप्रेमही खरे आहे. वाद आहे तो सवलतीला निव्वळ जिद्दीचे नाव देणाऱ्या कथनाशी. गरीब गोरा मुलगा गरीब होता, हे मान्य. पण तो त्या गावातला सर्वांत वंचित मुलगा नव्हता.

१४/ १८७८ चा शस्त्र कायदा स्वातंत्र्यानंतरही पंधरा वर्षे टिकला. त्याची जागा घेणाऱ्या १९५९ च्या कायद्यात पीकरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. रानडुकरांनी उद्ध्वस्त केलेल्या शेताच्या बांधावर उभ्या सिंधुदुर्गातल्या शेतकऱ्याला हा विषय आजही पुस्तकी वाटत नाही. शिकारीचा खेळ मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून संपत गेला.

१५/ तेव्हा मित्रहो, ही गोष्ट पुढे पाठवताना तीन प्रश्न जोडा. बंदूक कशी होती, हे तर सांगाच. पण ती बाळगण्याची मुभा कोणाला होती? ती चालवायला कोणी शिकवले? आणि शिकवणाऱ्याला सरकारदप्तरी काय म्हणत? उत्तरे दिलीत की कुंवरसिंग आपोआप गोष्टीत परत येईल.